लाखेची मोहोर आणि बहुपदी

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावातील हुशार विद्यार्थी दहावी होताच लातूरची वाट धरतो. ‘लातूर पॅटर्न’ने सामान्य घरांतील मुलांना वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणाची दारे उघडून दिली, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु जेथे उत्तर कोणालाच आधी ठाऊक नसते, त्या संशोधनाची वाट आपण या मुलांना कधी दाखवितो काय?

कूटशास्त्राचेच उदाहरण घेऊ. प्रश्नपत्रिकांच्या पाकिटावर लाखेची मोहोर कशासाठी, हे शिक्षकांना सांगावयास नको. पण समजा, मोहोर न फोडता आतील एकच प्रश्न दाखवावयाचा आहे, आणि तो मागाहून बदललेला नाही अशी खात्रीही पटवावयाची आहे. ग्रेगरी झावेरुचा व इयान गोल्डबर्ग यांच्यासह अनिकेत काटे यांनी २०१० साली बहुपदींच्या आधारे याची एक रीत मांडली. मजकूर कितीही वाढो, तिच्यातील मोहोर तेवढीच राहते. काटे यांनी त्याच वर्षी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे जर्मनीत संशोधन करून २०१५ साली ते अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गेले.

इथेरियम ही ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामायिक खतावणी. १३ मार्च २०२४ रोजी तिने ही रीत स्वीकारली. १,३१,०७२ बाइटांच्या मजकुरावर तेथे अवघ्या ४८ बाइटांची मोहोर बसते. मात्र या मोहोरेच्या मुळाशी असलेली गुप्त संख्या कोणाच्याही हाती लागता कामा नये. यास्तव २०२३ साली लाखाहून अधिक वेळा निरनिराळ्या लोकांनी तीत आपापला गुप्त वाटा मिसळला. त्यांतील एकाने जरी तो प्रामाणिकपणे नष्ट केला असेल, तरी मोहोर सुरक्षित राहते.

निबंध आणि हा व्यवहार यांत जवळजवळ चौदा वर्षे गेली. एवढा धीर गुणपत्रिकेत मोजला जात नाही आणि शिकवणीच्या वर्गात तर शिकविलाच जात नाही. बहुपदी मात्र आपल्याकडे नववीतच येतात. त्या तासाला एखादी मुलगी ‘हे कशासाठी?’ असे विचारील, तेव्हा ‘परीक्षेत येते म्हणून’ एवढ्यावर शिक्षकांनी तिची बोळवण करू नये. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि तिच्यासोबत शोधावे. संशोधनाचा पहिला धडा तो हाच.