धुक्यात वाट कोण दाखवणार?

खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर जाताना तोलार खिंडीनंतरचा रेलिंगचा कातळटप्पा चढला, की गड आलाच असे वाटते. प्रत्यक्षात देऊळ पश्चिमेला अजून बरेच दूर असते आणि मध्ये एकसारख्या टेकड्यांचा चढ-उतार असतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही सहाजण तिथे धुक्यात सापडलो. पाठीवर मुक्कामाचे सामान आणि दहा पावलांपलीकडचे काही दिसत नाही. नकाशा ज्याच्या मोबाइलवर होता, त्याचा मोबाइल भिजून बंद पडलेला. पायाखालची वाट मात्र चांगली मळलेली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. सहज होकायंत्र काढून पाहिले, तर आम्ही दक्षिणेला, म्हणजे कड्याकडे चाललो होतो. ती ढोरवाट होती.

तेव्हापासून रानात मुक्काम असला, की माझ्या पिशवीत पहिली वस्तू जाते ती कागदी नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा आपल्या कामाचा. त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठी वेगळी मालिका निघाली आणि आता हे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवूनही घेता येतात. छापून घेताना दुकानदार तो कागदात बसवण्यासाठी लहान करतो, मग प्रमाण बिघडते. खालच्या मोजपट्टीवर फूटपट्टी ठेवून खात्री करा. आपली जागा नकाशाच्या काठाशी येत असेल, तर शेजारचा नकाशाही हवाच. हरिश्चंद्रगड जुन्या क्रमांकाच्या ४७ ई/१५ मध्ये येतो, पण पश्चिम काठाला. कोकणात उतरायचे असेल तर एका कागदावर भागत नाही.

नकाशावरच्या तपकिरी समोच्चरेषा वाचायला शिकणे हे खरे काम. दोन रेषांमध्ये उंचीचा फरक वीस मीटरांचा. रेषा दाटीवाटीने आल्या की कडा, लांब लांब असल्या की पठार. रेषांची टोके उताराकडे झुकली की सोंड, चढाकडे वळली की घळ. इथे एक धोका आहे आणि तो सह्याद्रीत फार महत्त्वाचा: पंधरा मीटरांचा उभा कातळ दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. नकाशावर सोपी दिसणारी घळ म्हणूनच पाण्याच्या धारेने उतरायला जाऊ नये. शिवाय समासात सर्वेक्षणाचे वर्ष छापलेले असते, तेही पाहावे. डोंगर हलत नाही. धरण, रस्ता आणि वाडी बदलते.

होकायंत्र पारदर्शक पट्टीचे घ्या, नकाशावर ठेवून दिशा काढता येते. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशापेक्षाही कमी फरक आहे, त्यामुळे ती आकडेमोड आपल्याला करावी लागत नाही. फक्त सुरी, विजेरी, मोबाइल दूर ठेवा. काळ्या पाषाणातही चुंबकीय खनिज असते, तेव्हा होकायंत्र दगडावर टेकवून वाचू नका.

मोबाइल नको असे मी म्हणत नाही. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, चार उपग्रह दिसले की पुरे; नकाशा मात्र घरूनच उतरवून घ्यावा लागतो. खोल नाळेत आकाशाची फट उरते, संकेत कड्यांवर आपटून येतात आणि आपण पलीकडच्या सोंडेवर असल्याचे दिसते. दुसऱ्याने नोंदवलेला माग वापरताना सावध राहा. तो वाट चुकलेल्याचाही असू शकतो! उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी परदेशी यंत्रे मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्याकडे वापरता येत नाहीत. नातेवाइकांनी हौसेने आणली तरी आधी चौकशी करा.

त्या दिवशी आम्ही आडवे घुसलो नाही. आल्या वाटेने रेलिंगपर्यंत मागे गेलो, तिथून पश्चिम धरली आणि दर वळणावर होकायंत्र पाहत चाललो. देवळाशी पोचायला सात वाजून गेले. गुहेत पाचनईचे एक मामा चूल पेटवून बसले होते. "धुकं दाटलं की आम्ही बी बसून राहतो," ते म्हणाले आणि चहाचे आधण वाढवले.

खिरेश्वरला ज्यांच्या अंगणात गाडी ठेवली होती, त्यांना आम्ही परतीची वेळसुद्धा सांगितली नव्हती. आता जाण्याची वाट पेन्सिलीने आखलेली नकाशाची एक प्रत, त्यावर परतीचा वार लिहून, त्यांच्या घरी ठेवूनच पुढे जातो.