भाज्यांचा रस्सा: आधी अळणी, मग चटणी

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेला रस्ता बांबवडे, मलकापूर करत आंब्याला पोचतो आणि घाट उतरून साखरप्याला कोकणात शिरतो. शाहूवाडी तालुका असा दोन चवींच्या सीमेवर आहे. देशाकडून मिरची येते, खालून नारळ. पश्चिमेच्या गावांत पाऊस एकदा लागला की चूल विझू नये असं वाटतं आणि त्यातच श्रावण येतो. मटण बंद झालं तरी रश्शाची सवय काही सुटत नाही. मग त्याच रीतीने भाज्यांचा रस्सा होतो, वाटीतून भुरकण्याजोगा पातळ.

हॉटेलातल्या सूपसारखा दाटपणा यात मक्याच्या पिठाने आणायचा नसतो. कोल्हापुरी रीतीत तीन कामं वेगवेगळी होतात: अळणी उकळणं, वाटण भाजणं आणि चटणी तेलात खुलवणं. ही तिन्ही नीट झाली की भाजी कुठलीही असो, रस्सा जमतो. खालचं माप चौघांसाठी आहे.

अळणी म्हणजे पाया

मटण शिजवताना तिखट घालण्याआधी जे पाणी निघतं ते अळणी. लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना तेच वाटीभर देतात. मटणाच्या अळणीला हाडांमुळे अंगचा चिकटपणा असतो. भाज्यांमध्ये तो नसतो, म्हणून थोडी डाळ आणि लाल भोपळा घ्यायचा. दोन्ही विरघळले की पाण्याला अंग येतं.

घ्यायचं ते असं: लाल भोपळा पाव किलो, एक गाजर, एक लहान बटाटा, फ्लॉवरचे मूठभर तुरे, मूठभर घेवडा, मिळाल्यास शेवग्याची एक शेंग, एक टोमॅटो आणि दोन चमचे मूगडाळ.

पातेल्यात चमचाभर तुपावर जिरं, हिंग आणि चमचाभर आलं-लसूण परता. डाळ, गाजर, बटाटा आणि कोथिंबिरीच्या काड्या घालून दीड लिटर पाणी ओता आणि मंद आचेवर ठेवा. दहा मिनिटांनी भोपळा, घेवडा आणि शेंगेचे तुकडे घाला. फ्लॉवर त्यानंतर आणि टोमॅटो अगदी शेवटी. आंबट पदार्थ आधी पडला तर डाळ आणि बटाटा शिजायला वेळ लागतो. मीठ आत्ता निम्मंच घाला, कारण चटणीतही मीठ असतं.

भाज्या मऊ झाल्या की काड्या काढून टाका. भोपळ्याच्या चार-पाच फोडी पळीने ठेचून त्याच पाण्यात मिसळा. मिक्सरमधून सगळं फिरवू नका; रश्शात फोड दिसली पाहिजे.

वाटण: भाजण्यात सगळी चव

एक मध्यम कांदा सालासकट आचेवर भाजा. बाहेरून काळा आणि आत मऊ झाला की साल काढा. पाव वाटी सुक्या खोबऱ्याचे काप तव्यावर बदामी करा. चमचाभर तीळ आणि अर्धा चमचा खसखस कोरडीच भाजा, पण वेगवेगळी. खसखस क्षणात करपते आणि तीळ तडतडायला लागले की उतरवायचे असतात. यात सहा-सात लसूण पाकळ्या, अर्धा इंच आलं आणि मूठभर कोथिंबीर घालून अगदी बारीक वाटा.

भाजलेल्या कांद्याचा गोडसर धुरकट वास आणि खोबऱ्या-तिळाचं तेल, या दोन गोष्टींवर रश्शाची चव उभी राहते. वाटण भरड राहिलं तर ते तळाशी बसतं आणि वर नुसतं पाणी तरंगतं. जेवणाच्या रश्शाला वाटण याच्या दुप्पट लागतं; पिण्यासाठी एवढंच पुरे.

चटणी आणि तेलाचा हिशोब

कोल्हापूरकडे चटणी म्हटलं की कांदा-लसणाची तिखट चटणी. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, धणे-जिरे, तीळ, खोबरं आणि गरम मसाला भाजून, कांदा-लसूण घालून ती डंकावर कुटून आणतात आणि वर्षभर बरणीत भरून ठेवतात. तिच्यात दोन जातींच्या मिरच्यांचा मेळ असतो. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी रंग देते आणि फारशी झोंबत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरच्या नावाची संकेश्वरी तिखटपणा आणते. मिरची मुळात अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी इथल्या स्वयंपाकात तिखटाचं काम मिरी आणि आलं करायचं.

मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून चटणी थेट उकळत्या पाण्यात घातली तर रस्सा मळकट दिसतो आणि कच्चा लागतो. पोहे खायच्या चमच्याने तीन चमचे तेल तापवा, वाटण घाला आणि कडेने तेल सुटेपर्यंत परता. आता आच अगदी मंद करून दोन चमचे चटणी आणि पाव चमचा हळद घाला, पंधरा-वीस सेकंद हलवा आणि लगेच पळीभर अळणी ओता. चटणी जळली तर रंग काळपट आणि चव कडू होते. ते नंतर कशानेही सुधारत नाही.

मग उरलेलं गरम अळणी भाज्यांसकट ओता. गार पाणी घालू नका. पाच-सात मिनिटं मंद उकळलं की वर लाल तवंग येतो, त्यालाच कट म्हणतात. चव पाहून मीठ घाला. हा झाला तांबडा.

पांढरा करायचा तर

अळणीत हळद घातलेली नाही ती याचसाठी. निम्मं अळणी आधीच बाजूला काढून ठेवलं की एका पातेल्यात दोन रस्से होतात. आठ-दहा काजू, चमचाभर खसखस आणि चमचाभर पांढरे तीळ कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून गंधासारखं वाटा. तुपावर दोन लवंगा, चार मिरे, दालचिनीचा तुकडा आणि दोन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या परता. त्यावर हे वाटण घालून रंग न बदलता दोन मिनिटं हलवा आणि अळणी ओता.

उकळी आली की आच कमी करा आणि वाटीभर घट्ट नारळाचं दूध घाला. यानंतर रस्सा खदखदू द्यायचा नाही, नाहीतर दूध फुटतं आणि वर तेलाचे थेंब दिसतात. कडेला वाफ धरली की उतरवा.

भाजी कोणती, दाटपणा कशाने

भाजी हंगामाची घ्या. उन्हाळ्यात शेवगा, पावसाळ्यात दोडका, दुधी आणि भोपळा, थंडीत पावटा, मटार आणि गाजर. दोडका आणि दुधी लवकर शिजतात, ते फ्लॉवरबरोबर घाला. कारलं आणि मेथी टाळा. त्यांचा कडवटपणा सगळ्या पाण्यात उतरतो. वांगं चालतं, पण अळणी काळपट होतं, म्हणून ते तांबड्यातच.

शाकाहारी रस्सा फिका वाटतो अशी तक्रार असेल तर हुलगे वापरा. अर्धी वाटी हुलगे रात्रभर भिजवून शिजवा आणि त्यांचं वरचं पाणी अळणीत मिसळा. त्याची मातकट, खोल चव तांबड्या रश्शाला शोभते. पश्चिमेकडच्या तालुक्यांत भाताबरोबर नाचणीही पिकते. रस्सा पातळ राहिलाच तर दोन चमचे नाचणीचं पीठ गार पाण्यात कालवून लावा. पीठ थेट गरम रश्शात टाकलं तर बाहेरून शिजून त्याच्या गुठळ्या होतात.

बिघडलं तर

तिखट झालं: पाणी वाढवून उपयोग नाही. नारळाचं दूध किंवा चमचाभर तूप घाला, झोंबणं तिथेच कमी होतं.

खारट झालं: बिनमिठाचं गरम अळणी किंवा डाळीचं पाणी वाढवा. बटाट्याची फोड टाकून मीठ निघत नाही. ती शोषते ते खारट पाणीच.

तवंग आला नाही: वाटण नीट परतलं गेलेलं नाही. छोट्या कढईत चमचाभर तेल तापवा, आचेवरून उतरवा, त्यात अर्धा चमचा चटणी घाला आणि ती फोडणी वरून ओता.

कसा वाढायचा

आधी वाटीतून नुसता, वर लिंबू पिळून. मग त्याच रश्शात ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी कुस्करून, शेवटी भाताबरोबर. चार वाट्यांपैकी एखादी मुलासाठी किंवा पथ्यावर असलेल्या माणसासाठी हवी असेल तर चटणी घालण्याआधीच अळणी काढून ठेवा आणि वर मिरपूड भुरभुरा. उरलेला तांबडा फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगला राहतो आणि मुरल्याने चवही वाढते. पांढरा मात्र त्याच दिवशी संपवा, कारण पुन्हा उकळला की नारळाचं दूध फुटणारच.