मोडलेल्या हाडाची पत्रिका कोण तपासतं?

मालवणात पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. पाय घसरला की माणूस तळहातावर पडतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कोलिस यांनी 1814 साली याच अस्थिभंगाचं वर्णन केलं, तेही क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या 81 वर्षं आधी.

अशा दुखापतीवरची माहितीपत्रिका छापण्याआधी लेखकाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांनी ती वाचायला हवी. यालाच समकक्ष तज्ज्ञांची तपासणी म्हणतात. शुद्धलेखन हा तिचा लहानसा भाग. अस्थिरोगतज्ज्ञ विचारतो: मूल आणि आजी या दोघांना प्लास्टरची मुदत एकच कशी? मुलाचं हाड लवकर सांधतं. आजीचं हाड किरकोळ पडण्यानं मोडलं असेल, तर हाडं ठिसूळ झालीत का हे पाहायला पत्रिकेनं सांगितलंय का?

माझ्या मते सर्वांत घातक चूक असते ती गाळलेल्या वाक्याची. प्लास्टर किंवा हाडवैद्यानं बांधलेल्या कामट्या आवळल्या, बोटं निळी-पांढरी किंवा बधिर झाली, वेदना वाढतच गेल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. रक्तपुरवठा तुटला तर काही तासांतच स्नायू मरू लागतात. हे वाक्य ठळक अक्षरांत, पहिल्याच पानावर हवं.

डॉक्टरांनंतर ती पत्रिका माडावर चढणाऱ्या एखाद्या पाडेल्यालाही वाचायला द्यावी. ‘अवयव स्थिर ठेवा’ म्हणजे काय, हे त्याला कळलं नाही तर तिथे ‘हात हलवू नका, झोळीत बांधा’ असं लिहावं.