तीन मिनिटांत काय मावते?

व्याख्यान म्हटले की आपल्याला तास-दीड तासाची बैठक आठवते. पुण्यात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासूनची ही परंपरा. विद्यापीठांनी मात्र अलीकडे वेळ बराच आखडता घेतला आहे. 'टेड'च्या व्यासपीठावर अठरा मिनिटांची मर्यादा असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना आपला प्रबंध मांडायला तीनच मिनिटे दिली. दुष्काळात अंघोळ तीन मिनिटांत उरकावी म्हणून तिथले लोक न्हाणीघरात वेळ मोजत. त्यावरून ही कल्पना सुचली. आता प्राध्यापकही असे थोडक्यात बोलतात.

शिक्षणविषयक संशोधन असे मांडणे मला अधिक जोखमीचे वाटते. कृष्णविवरावरचे भाषण ऐकून कोणी घरी जाऊन कृष्णविवर बदलायला घेत नाही. शिक्षणावरचे भाषण ऐकणारे पालक आणि शिक्षक मात्र दुसऱ्याच दिवशी मुलांवर प्रयोग सुरू करतात.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये १२० विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाने एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचून, मग न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा ८१ टक्के आठवला, लिहून काढलेला ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटले : दोनदा वाचलेला ४२ टक्के, लिहून काढलेला ५६ टक्के.

हे तीन मिनिटांत कसे सांगाल? 'वाचू नका, आठवून लिहा' हे वाक्य टाळ्या घेईल. पण ते अर्धेच खरे आहे. परीक्षागृहाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला पुन्हा वाचण्याचाच उपयोग झाला असता. शिवाय हे विद्यार्थी महाविद्यालयीन होते आणि उतारे छोटे होते. चौथीतल्या मुलाच्या गणिताला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

म्हणजे लहान भाषण वाईट, असे मी म्हणत नाही. संख्याशास्त्राच्या कसोट्या, आधीच्या अभ्यासांचा आढावा, परिभाषा हे सारे गाळता येते. 'कोणाला' आणि 'किती काळाने' हे दोन शब्द मात्र गाळता येत नाहीत, कारण निष्कर्ष त्यांच्यावरच उभा असतो. ते सांगायला दहा सेकंद पुरतात : 'महाविद्यालयीन मुलांना, आठवड्यानंतर, आठवून लिहिलेले अधिक लक्षात राहिले.' एवढ्या वाक्याने श्रोत्याची फसवणूक होत नाही, उलट त्याला पुढचा प्रश्न सुचतो : माझ्या मुलाचे काय?

तो प्रश्न मनात घेऊन श्रोता उठला, तर तीन मिनिटे सार्थकी लागली असे मी मानेन.