तांब्याच्या प्रशीतक नळ्यांचे ब्रेझिंग

तांब्याच्या प्रशीतक नळ्यांचे ब्रेझिंग ही घरगुती वातानुकूलन यंत्रातील (एसी) तांब्याच्या नळ्या भरणधातू वितळवून कायमच्या सांधण्याची प्रक्रिया होय. कारागिरांच्या बोलीत तिला सरसकट 'वेल्डिंग' म्हटले जाते. प्रत्यक्षात वेल्डिंगमध्ये मूळ धातूच वितळतो, तर ब्रेझिंगमध्ये नळ्या घनच राहतात आणि त्यांच्यामधील सूक्ष्म फटीत वितळलेला भरणधातू शिरून गोठतो. यंत्रातील प्रशीतक, म्हणजे बोलीभाषेतील 'गॅस', वर्षानुवर्षे टिकणे या सांध्यांच्या दर्जावर अवलंबून असते.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी

अकोला व अमरावती ही शहरे उन्हाळ्यात देशातील सर्वाधिक तापणाऱ्या शहरांत गणली जातात. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्याने जिल्हा प्रशासनाने फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू केले होते. कामगारांसाठी पिण्याचे पाणी व पंख्यांची सोय करणे आणि शिकवणी वर्गांच्या वेळा बदलणे, अशा बाबींचा त्या आदेशात समावेश होता.

या भागातील उन्हाळ्यावरचा रूढ उपाय म्हणजे कूलर. कोरड्या हवेत तो चांगले काम करतो. मात्र त्याला सतत पाणी लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने कूलरच्या जाळ्यांवर क्षारांचे थर साचतात. पावसाळा सुरू होऊन हवा दमट झाली, की कूलरचा गारवाही कमी होतो. एसीला या दोन्ही मर्यादा नाहीत, परंतु त्याचे प्रशीतक चक्र पूर्णपणे बंदिस्त असावे लागते.

गॅस 'संपणे' म्हणजे काय

एसीतील प्रशीतक इंधनाप्रमाणे खर्च होत नाही. तेच प्रशीतक कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी (किंवा प्रसरण झडप) आणि आतील थंड वेटोळे यांतून फिरत राहते. त्यामुळे दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल, तर ती नित्याची देखभाल नसून कोठेतरी गळती असल्याची खूण असते. गळती न शोधता पुन्हा गॅस भरल्यास खर्च वाया जातो, आणि कमी प्रशीतकावर चालणारा कॉम्प्रेसर तापून निकामी होऊ शकतो. बाहेर पडलेला वायू पर्यावरणालाही हानिकारक असतो. आर-३२ या प्रशीतकाची जागतिक तापमानवाढीची क्षमता १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट आहे.

बाहेरील हवा जितकी तप्त, तितका सांध्यांवरील दाब अधिक असतो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी कंडेन्सरमधील प्रशीतक बाहेरच्या हवेपेक्षा अधिक तापमानाला असावे लागते. गच्चीवर किंवा पश्चिमेच्या भिंतीवर बसवलेल्या युनिटमध्ये ते मे महिन्यात ६० अंशांच्या आसपास जाऊ शकते. या तापमानाला जुन्या आर-२२ चा दाब सुमारे २४ बार, तर आर-३२ चा सुमारे ३९ बार असतो. म्हणूनच हिवाळ्यात टिकलेला कच्चा सांधा ऐन उन्हाळ्यात दगा देतो.

सांध्यांचे प्रकार

घरगुती स्प्लिट एसीत द्रवाची बारीक नळी बहुधा ६.३५ मिमी (पाव इंच), तर वायूची जाड नळी ९.५२ किंवा १२.७ मिमी व्यासाची असते. नव्या यंत्राच्या दोन्ही टोकांना या नळ्या सहसा फ्लेअर नटने आवळल्या जातात. नळीची लांबी वाढवताना, फुटलेला भाग बदलताना किंवा कॉम्प्रेसर बदलताना ब्रेझिंग करावे लागते.

भरणधातू ४५० अंश सेल्सिअसच्या खाली वितळत असेल, तर त्या जोडकामास सोल्डरिंग म्हणजे डाख देणे म्हणतात. त्यावरील तापमानाच्या जोडकामास ब्रेझिंग म्हणतात. कथील-शिशाचा प्रचलित डाख १८३ अंशांना वितळू लागतो. कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी १०० अंशांच्या आसपास तापते व सतत थरथरते. अशा जागी मऊ डाख हळूहळू ताणला जाऊन त्याला भेगा पडतात. याउलट, सुमारे ७ टक्के फॉस्फरस असलेला तांब्याचा मिश्रधातू ७१० अंशांच्या आसपास वितळू लागतो. स्वतः तांबे १,०८५ अंशांना वितळते.

तांब्याला तांबे जोडताना फॉस्फरस ऑक्साइड दूर करतो, म्हणून वेगळा फ्लक्स लागत नाही. तांबे-पितळ सांध्याला मात्र फ्लक्स आवश्यक असतो. पोलादी नळीसाठी चांदीयुक्त कांडी व फ्लक्स वापरतात, कारण फॉस्फरस आणि लोह यांच्या संयोगाने सांधा ठिसूळ होतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळत असल्याने त्याच्या नळ्यांना ही कांडी चालत नाही.

कृती

नळी कापणीयंत्राने सरळ कापून तिची आत वळलेली कड खरवडली जाते. या वेळी कीस नळीत जाऊ नये म्हणून तोंड खाली ठेवतात. एका नळीचे तोंड फुगवून त्यात दुसरी नळी साधारण तिच्या व्यासाइतकी खोल बसवतात. दोहोंमधील फट ०.०३ ते ०.१३ मिमी असावी लागते. याच फटीत केशाकर्षणाने धातू ओढला जातो. फट मोठी झाल्यास धातू बाहेर ओघळतो आणि सांधा वरून भरलेला दिसूनही आतून पोकळ राहतो.

ज्योतीने कांडी नव्हे, तर नळी तापवायची असते. तांबे मंद लाल झाल्यावर कांडी टेकवली, की धातू उष्णतेच्या दिशेने फटीत धावतो. जवळच्या झडपेवर ओले फडके गुंडाळल्याने तिच्यातील रबरी भाग वाचतात.

तापलेल्या तांब्याचा हवेशी संयोग झाल्यास नळीच्या आत काळी खपली धरते. पुढे कॉम्प्रेसरच्या तेलाने ती सुटते आणि कॅपिलरीच्या बारीक छिद्रात अडकते. हे टाळण्यासाठी ब्रेझिंग चालू असताना व सांधा निवेपर्यंत नळीतून नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडतात. नळीचे दुसरे टोक उघडे ठेवावे लागते, अन्यथा साठलेला दाब वितळलेल्या धातूत छिद्रे पाडतो.

तपासणी

सांधा निवल्यावर निर्मात्याने ठरवून दिलेल्या दाबापर्यंत नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने गळती पाहिली जाते. दाब रात्रभर ठेवल्यास तापमानाचा हिशेब करावा लागतो. दुपारी ४३ अंशांना ३० बार दाखवणारा मापक पहाटे २८ अंशांना सुमारे २८.५ बार दाखवतो. ही घट गळती नव्हे. त्यानंतर व्हॅक्यूम पंपाने हवा व बाष्प काढून प्रशीतक सोडले जाते. केवळ थोडा गॅस सोडून हवा 'ढकलून' काढण्याच्या पद्धतीत बाष्प आत राहते व तेल खराब होते.

सुरक्षितता

प्रशीतक भरलेल्या नळीला ज्योत लावणे धोक्याचे असते. आर-३२ सौम्य ज्वलनशील, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन, तीव्र ज्वलनशील आहे. फ्लोरिनयुक्त वायू ज्योतीत विघटित होऊन हायड्रोजन फ्लोराइड, तर आर-२२ पासून फॉस्जीनसारखे विषारी वायूही तयार होऊ शकतात. त्यामुळे प्रशीतक आधी काढून घेऊन खोली हवेशीर ठेवावी लागते.

दाब तपासणीसाठी ऑक्सिजन कधीही वापरला जात नाही. गॅस वेल्डिंगचे सिलिंडर हाताशी असल्याने हा मोह होऊ शकतो. परंतु दाबाखालील ऑक्सिजन तेलाच्या संपर्कात आल्यास स्फोट होतो व तो जीवघेणा ठरू शकतो. नायट्रोजनही दाबनियंत्रकाशिवाय जोडू नये, कारण भरलेल्या सिलिंडरमधील दाब १५० बारच्या आसपास असतो. उन्हाळ्यात सर्व सिलिंडर सावलीत व उभे ठेवणे आवश्यक असते.

प्रशिक्षण

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील (आयटीआय) प्रशीतन व वातानुकूलन यांत्रिक या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नळी कापणे, फ्लेअरिंग, ब्रेझिंग, गळती तपासणी व प्रशीतक भरणे यांचा समावेश असतो.