लिनक्सवर घरचं ब्रॉडबँड : पासवर्ड कुणी सांगायचा?

विषय छोटा आहे, पण त्यापायी लोकांचे पैसे वाया जातात. यवतमाळ घ्या, पुसद घ्या, वणी घ्या. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून ब्रॉडबँड घ्यायला गेलं की ऐकायला मिळतं, "हे विंडोजवरच चालते." आम्ही स्पष्ट सांगतो, हे खरं नाही.

लाईन कशी सुरू होते ते आधी बघू. कंपनी आपल्याला युजरनेम आणि पासवर्ड देते. बीएसएनएलसारख्या जोडणीत लाईन सुरू होताना तो पासवर्ड पलीकडच्या यंत्राला सांगावा लागतो. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. तिचे नियम १९९९ पासून सर्वांना खुले आहेत, त्यामुळे ती एकट्या विंडोजची नाही.

मग प्रश्न एवढाच, की पासवर्ड सांगणार कोण? मोडेम की कॉम्प्युटर?

मोडेम राउटर पद्धतीनं बसवला असेल, तर पासवर्ड त्याच्यातच साठवलेला असतो. आपण केबल लावायची, बस. उबुंटू असो की मिंट, पत्ता आपोआप मिळतो. कॉम्प्युटर बंद असला तरी घरातले मोबाईल चालतात.

मोडेम ब्रिज पद्धतीनं असेल, तर तो नुसता पूल. पासवर्ड कॉम्प्युटरनं सांगायचा. लिनक्समध्ये 'नेटवर्क कनेक्शन्स' उघडा, अधिकच्या खुणेवर क्लिक करा, 'डीएसएल/पीपीपीओई' निवडा, केबलचं कार्ड निवडून युजरनेम-पासवर्ड भरा आणि सेव्ह करा. सीडीबिडी काही लागत नाही.

आता नेट आलंच नाही तर? विहिरीवरच्या मोटरचं पाणी आलं नाही म्हणून आपण लगेच मोटर बदलतो का? आधी लाईट बघतो, मग स्टार्टर, मग पाईप. इथंही तसंच.

एक, मोडेमचे दिवे बघा. फायबरच्या मोडेमवर 'एलओएस'चा लाल दिवा लागला, तर प्रकाश पोचत नाही. दोष लाईनचा आहे, कॉम्प्युटरला हात लावू नका.

दोन, नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी पत्ता आलाय का बघा.

तीन, टर्मिनलमधून ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर येतं, पण नाव टाकून साईट उघडत नाही? मग लाईन ठीक आहे. नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे.

चार, काही साईट उघडतात आणि काही लटकतात? इथरनेटचं पाकीट १५०० बाईटचं असतं, त्यातले ८ पीपीपीओई घेते. एमटीयू १४९२ करून बघा.

पीकविम्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस असेल, तेव्हा हे कामी येतं. "नेट बंद आहे" एवढंच न सांगता कितव्या पायरीवर अडलं ते तक्रारीत सांगा, म्हणजे दोष लिनक्सवर ढकलता येत नाही. आणि कनेक्शन घेतानाच युजरनेम, पासवर्ड आणि मोडेमची पद्धत वहीत लिहून ठेवा. मोडेम रिसेट झाला की साठवलेलं सगळं पुसलं जातं.