पट्टी कोणती? आधी हे विचारा

आषाढी जवळ आली की आपल्या सोलापुरात महिला भजनी मंडळांच्या तालमींना जोर चढतो. मागच्या वर्षी आमच्या मंडळात तिसऱ्या अभंगालाच निम्म्या जणींचे आवाज बसले. आम्हाला वाटलं, आपला गळाच वाईट. कारण वेगळंच होतं. पेटीवाले काका त्यांच्या सवयीच्या काळी एकमध्ये वाजवत होते, आणि त्यांना नेमकं काय सांगायचं, तो शब्दच आमच्याकडे नव्हता. म्हणून आज गाण्यातले हे नेहमीचे शब्द.

पट्टी म्हणजे आपला 'सा' पेटीच्या ज्या सुरावर धरायचा ती जागा. कर्नाटक संगीतात तिला श्रुती म्हणतात. पूर्व भागातल्या आपल्या तेलुगू मैत्रिणींना हा शब्द ओळखीचा असेल. पुरुषांना बहुधा काळी एक, पांढरी दोन सोयीची. बायकांना काळी चार, काळी पाच. आपली पट्टी कशी ओळखायची? 'सा' लावा. खाली मंद्र सप्तकातल्या 'प'पर्यंत आणि वर तार सप्तकातल्या 'म'पर्यंत गळा न ताणता जाता आलं, तर ती तुमची पट्टी.

सप्तक म्हणजे सा रे ग म प ध नी हे ७ शुद्ध स्वर. रे, ग, ध, नी कोमलही होतात आणि म तीव्र होतो. असे एकूण १२.

लय म्हणजे गाण्याची गती आणि चाल म्हणजे सुरांची बांधणी. 'चाल वाढवा' म्हटलं की नवी बाई गोंधळते; 'लय वाढवा' म्हणावं.

ताल म्हणजे ठरलेल्या मात्रांचं पुन्हा पुन्हा येणारं आवर्तन. दादऱ्यात ६ मात्रा, केरव्यात आणि भजनी ठेक्यात ८, त्रितालात १६. पहिली मात्रा ती सम. मध्येच चुकलात तर घाबरू नका. हाताने मात्रा मोजत राहा आणि पुढच्या समेला सगळ्यांना येऊन मिळा.

शेवटी आम्ही धीर करून म्हटलं, "काका, काळी चार घेता का?" काका हसले. "अहो, आधी सांगायचं ना! त्या पट्टीचा पखवाजही आणला असता." त्यानंतर कुणाचाच आवाज बसला नाही.

तेव्हा यंदा पहिल्याच तालमीला विचारा: पट्टी कोणती?